गाठ मारा, डकवू नका

मुलांच्या खोलीसाठी न शिवता करायच्या कापडी सजावटीची वकिली बहुतेक वेळा सोयीच्या मुद्द्यावर केली जाते. मशीन काढायला नको, सुईत दोरा ओवायला नको, शिंप्याकडे खेपा घालायला नकोत. एक कात्री, एक ग्लू गन आणि रविवारची दुपार मिळाली की काम फत्ते. मे महिन्याच्या सुट्टीतल्या कार्यशाळा, स्टेशनरीच्या दुकानांतली तयार खोकी, मोबाइलवरचे असंख्य व्हिडिओ, सगळीकडे हाच सूर. सोय खोटी नाही. पण तेवढ्यावरच भागवलं, तर ज्यांना शिवता येतं त्यांनी या प्रकाराकडे ढुंकूनही पाहायचं कारण उरत नाही, आणि तिथेच या वकिलीची गफलत आहे. न शिवलेल्या सजावटीचा गुण ती काढून टाकायची वेळ येते तेव्हा कळतो. गाठ सुटते, घडी उलगडते, चिमटा निघतो आणि हातात पुन्हा धडधाकट कापड उरतं. घरातली सर्वांत लवकर शिळी होणारी खोली म्हणजे मुलांची खोली. तिसऱ्या वर्षी जीव की प्राण असलेला हत्ती सहाव्या वर्षी ‘बाळांचा’ होतो आणि आठव्या वर्षी मैत्रिणी घरी येण्याआधी कपाटात दडवला जातो. अशा खोलीत जे लावायचं ते उतरवायला सोपं असावं, ही माझी पहिली आणि खरं तर एकमेव अट. ती मान्य केली की ‘न शिवता’ या एकाच पाटीखाली नांदणारे दोन प्रकार वेगळे काढावे लागतात: बांधलेलं आणि डकवलेलं. मी पहिल्याच्या बाजूने आहे आणि दुसऱ्याच्या चांगलाच विरोधात.

बांधलेलं कापड आपल्याला नवं नाही. नऊवारी, धोतर, उपरणं, फेटा यांत टाका नसतो. निरी, कासोटा, पीळ आणि खोचणं यांवर सगळा डोलारा दिवसभर टिकतो. सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही. बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापडही पुष्कळ घरांत न शिवलेलंच असतं, वापरून मऊ झालेल्या लुगड्याची फाडलेली बाळोती. शेताच्या बांधावर झाडाच्या फांदीला बांधलेली साडीची झोळी, पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं, कंटाळलेल्या पोराला गप्प बसवायला केलेला रुमालाचा उंदीर, चिंध्यांना दोरा गुंडाळून केलेली बाहुली हे सगळं याच घराण्यातलं. याचा अर्थ आपण शिवणाऱ्यांतले नव्हतो असा नाही. गोधडी हा शिवण्याचाच आविष्कार आहे आणि तिच्या बारीक धावदोऱ्याशी कोणत्याही गाठीची बरोबरी होणार नाही. मुद्दा इतकाच, की कापड कशाने कशाला धरून राहतं याची दोन स्वतंत्र शहाणपणं आपल्याकडे होती. जे वर्षानुवर्षं एकाच कामाला लागणार ते शिवायचं, आणि ज्याचं काम बदलणार ते बांधायचं. साडीचीच झोळी होते, उन्हात डोक्यावरचा पदर होतो, बाजारातून येताना बोचकं होतं, कारण तिला कुणी शिवून एका कामात अडकवलेलं नसतं. मुलांच्या खोलीतली सजावट या दुसऱ्या वर्गातली आहे, हे एकदा ठरलं की बाकीचं तंत्र बरंचसं आपसूक येतं.

तंत्र म्हणजे मुख्यतः कापडाचा स्वभाव ओळखणं. न शिवणाऱ्याचा शत्रू एकच, सुटणारी सुतं. विणलेल्या कापडात उभा आणि आडवा धागा एकमेकांना केवळ दाबून धरतात. कापलेल्या कडेला ती पकड जाते आणि धागे निसटतात. यावर शिंप्याकडे पिको-ओव्हरलॉकचा इलाज असतो, न शिवणाऱ्याला कापडाकडूनच तो मिळवावा लागतो. साधा मांजरपाट किंवा पॉपलिन कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेला बरा. काठावर अर्ध्या इंचाची चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ ओढायचं. फाट एकाच धाग्याच्या रेषेत जाते, त्यामुळे कडेचे दोनतीन धागे सुटून जी झालर उरते ती पुढे फारशी वाढत नाही. उरेब, म्हणजे तिरकस पंचेचाळीस अंशात कापलेलं कापड सुतं फार कमी सोडतं, कारण तिथे कुठलाच धागा कडेला समांतर नसतो. झिगझॅग कात्रीच्या दातेरी कडेमागचं तत्त्वही हेच. जुन्या साडीची किनार मूळचीच बंद असते, तेव्हा काठाच्या पट्टीची निदान एक बाजू तरी निर्धोक मिळते. टी-शर्टचं होजिअरी कापड सुतं सोडत नाही. लांब पट्टी कापून ताणली की कडा आत वळतात आणि जाडसर दोरी तयार होते. घरात बाद झालेले टी-शर्ट ढिगाने असताना पोटमाळ्यावर ठेवण्यापेक्षा त्यांचं याहून चांगलं काय करणार? आणि फेल्टमध्ये तर धागेच नसतात, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, म्हणून ते कसंही कापलं तरी चालतं. मात्र बाजारात फेल्टच्या नावाने मिळणारे रंगीत ताव बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. ते स्वस्त आहेत, चटकदार आहेत, आणि जुने झाल्यावर त्यांचं काहीच करता येत नाही, फडकंसुद्धा नाही, कारण ते पाणी टिपत नाहीत.

एक तोरण जवळून पाहू. फाडलेल्या सुती कापडाच्या इंच-दीड इंच रुंदीच्या आणि वीतभराहून थोड्या लांब पट्ट्या, आणि एक जाड सुतळी किंवा टी-शर्टची दोरी. पट्टी मधोमध दुमडायची, दुमडीचा फासा दोरीखालून वर आणायचा, आणि दोन्ही टोकं त्या फाशातून घेऊन खाली खेचायची. एवढंच. ही गाठ भाराने घट्ट होते. फासा वर ढकलला की सैल पडून सुटते. चारपाच वर्षांच्या मुलाला ती दोनदा दाखवली की जमते, आणि जमली की ते थांबत नाही. पट्ट्या जितक्या दाट तितकं तोरण भरगच्च. रंगांचा क्रम लावू नका, लावायचाच असेल तर मुलाला लावू द्या. मोठ्यांनी लावलेला क्रम दुकानातल्या वस्तूसारखा दिसतो. दिवाळीत या तोरणात जुन्या खणाच्या पट्ट्या घाला, ख्रिसमसला काढून घ्या, वाढदिवसाला चंदेरी घाला, दोरी तीच. खणाबद्दल एक सूचना. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण सध्या आकाशकंदिलांपासून डायरीच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे दिसतो, आणि दिसतोही देखणा, पण कापला की तो सुतं सोडतो. त्याची अरुंद पट्टी काढण्यापेक्षा तो आहे तसा घडी घालून लावलेला शोभतो.

दुसरी वस्तू भरतकामाची रिंग. लाकडाची सहा किंवा आठ इंची रिंग घ्यायची, आतलं कडं खाली ठेवायचं, त्यावर कापड पसरायचं, बाहेरचं कडं बसवून स्क्रू अर्धवट आवळायचा, मग चहूबाजूंनी कापड हलक्या हाताने ओढत नक्षी सरळ करायची आणि स्क्रू पुरता आवळायचा. इथे व्हिडिओंतले कलाकार उरलेलं कापड कड्याला चिकटून सपाट कापून टाकतात आणि कडेला गोंदाचा हात फिरवतात. तसं करू नये. दीडदोन इंच कापड राखावं आणि मागे दुमडून मुडपून टाकावं; समोरून काही दिसत नाही, आणि ते कापड पुढे दुसऱ्या मोठ्या रिंगेत बसू शकतं. भिंतीवर लहानमोठ्या पाच रिंगा लावल्या, तर पाच चौकटी कायमच्या झाल्या आणि आतली चित्रं हवी तेव्हा बदलती राहिली. लहान झालेल्या फ्रॉकवरची छापील फुलं, आजोबांच्या सदऱ्याच्या रेघा, आजीच्या इरकलीचा एक चौकोन, किंवा मुलाने मांजरपाटावर खडूने काढलेलं, त्याच्या मते डायनासोर असलेलं काहीतरी. कापड बदलायला दोन मिनिटं पुरतात. मुलांच्या खोलीसाठी याहून चांगला शोध मला तरी माहीत नाही.

आता डकवण्याबद्दल. ग्लू गनमधली गरम गोंदाची कांडी साधारण १२० ते १९० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळवली जाते. याचा पहिला परिणाम असा, की ज्याच्या खोलीसाठी हे चाललंय त्यालाच टेबलापासून दूर बसवावं लागतं. ‘तू फक्त बघ हं’ हे वाक्य कार्यशाळांत सर्वाधिक वेळा उच्चारलं जात असावं. दुसरा परिणाम कापडावर होतो. गोंद धाग्यांच्या आत शिरून गोठतो, तो भाग कडक पुठ्ठ्यासारखा होतो, आणि धुतल्यावर कडा उचलल्या जातात. इस्त्रीने वितळून चिकटणारं पेस्टिंग, जे शिंपी ब्लाउजच्या गळ्याला आणि कॉलरला वापरतात, ते याहून नीटस बसतं, पण तेही जवळजवळ एकमार्गीच: दोन कापडांचं एक कापड झालं की ते सहज सुटत नाही. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं सुती कापड वाळल्यावर खरखरीत होतं आणि त्या जागी डाग दिसतो. यांतली कुठलीही वस्तू नकोशी झाली की तिला बहुतेक वेळा कचऱ्याखेरीज वाट नाही. शिवलेली वस्तू निदान उसवता तरी येते. म्हणजे उलटसुलट होण्याच्या कसोटीवर शिवण मध्ये बसते, गाठ तिच्या वर आणि गोंद सर्वांत खाली. आणि आपण ‘न शिवता’ म्हणून नेमका तळाचा प्रकार डोक्यावर घेतला आहे.

पण सजावट मुळात बदलावी कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. एकदा छान खोली करावी आणि मोकळं व्हावं. इथे दोन अभ्यासांचा आधार घेतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अॅना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही जवळजवळ मोकळ्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ धड्याबाहेर गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के, आणि नंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरांचं प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के होतं. अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली गेली. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. हे अभ्यास लहान आहेत. पहिला वर्गाचा आहे, निजायच्या खोलीचा नाही. त्यातून ‘भिंती कोऱ्या ठेवा’ असा फतवा काढणं चूक ठरेल. पण एका वेळी थोडंच असावं, एवढं त्यांतून नक्की सुचतं. आणि थोडंच ठेवायचं, शिवाय कंटाळाही येऊ द्यायचा नाही, तर बदलत राहण्यावाचून गत्यंतर नाही. रिंगेतलं कापड बदलणं म्हणजे भर न घालता नवेपणा आणणं. चिकटवलेल्या सजावटीत हे होत नाही. तिथे जुनं निघत नाही म्हणून नवं तिच्या शेजारी येतं, आणि दोन वर्षांत भिंत दिवाळीतल्या दुकानासारखी दिसू लागते.

दुसरा लाभ मुलाच्या हाताचा. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटीवर ताणलेली कापडं होती, एकीवर बटणं, दुसरीवर हुक, तिसरीवर नाडीची फुलगाठ. मुलाने ती लावायची आणि सोडायची, पुन्हा लावायची. सोडणं हा तिथे कामाचा अर्धा भाग होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून हा विचार इकडे रुजवला, आणि पुढे ताराबाईंनी बोर्डीला व अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. हा बदल पैशाच्या अडचणीतून झाला हे खरं, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: साधन मुलाच्या हाताबाहेरचं असेल तर ते साधन नव्हे, दिखावा. आज पाचसहा वर्षांच्या अनेक मुलांना बुटाची नाडी बांधता येत नाही, कारण बुटांना वेल्क्रो आलं. तोरणाच्या पन्नास पट्ट्या बांधून पाहा म्हणावं.

इथे माझ्याच बाजूला लागणारा एक आक्षेप नोंदवायला हवा, कारण तो खमका आहे. मायकेल नॉर्टन, डॅनिएल मोकॉन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणसं वाजवीपेक्षा जास्त मोल देतात, असं त्यांना घडीचे कागदी पक्षी, लेगो आणि जोडायची खोकी यांवरच्या प्रयोगांत आढळलं. स्वतः केलेल्या सजावटीच्या बाजूने हा निबंध नेहमी पुढे केला जातो. पण त्याच निबंधात हेही आहे, की माणसांनी वस्तू बनवून लगेच मोडली किंवा अर्धवट सोडली तर हे ममत्व विरून जातं. म्हणजे मोडण्याजोगं करा, हा माझा आग्रह मुलाच्या जिव्हाळ्यावरच घाला घालतो की काय? मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगात वस्तू काही मिनिटांत मोडली गेली, आणि प्रयोगातले लोक प्रौढ होते. दोन महिने भिंतीवर मिरवून झालेलं, आणि मुलाने स्वतःहून ‘आता हे नको’ म्हटलेलं तोरण सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. तरी इशारा घ्यावा तो इतका, की उतरवण्याचा निर्णय मोठ्यांनी परस्पर घेऊ नये. शाळेतून आल्यावर रिंगेतला डायनासोर गायब झालेला दिसणं, तेही ‘धूळ बसली होती’ या कारणाने, यात मला तरी शहाणपणा दिसत नाही.

टिकाऊपणाचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी विचार करून घेतला जातो. शिवलेलं वीस वर्षं टिकतं, खरंय. पण मुलाच्या खोलीत वीस वर्षं कुठली वस्तू राहते? गोधडी राहते, कारण ती पांघरायची असते. उशीचे अभ्रे, पडदे, पलंगपोस रोज ओढले जातात, आठवड्याला धुतले जातात. ते शिवलेलेच हवेत, त्यांना इस्त्रीने पट्ट्या चिकटवून वेळ मारून नेण्यात अर्थ नाही. भिंतीवरच्या तोरणावर असा भार येत नाही. आणि कोपऱ्यावरचे मास्तर पन्नास रुपयांत शिवून देतात मग हा खटाटोप कशाला, असं म्हणणाऱ्यांना सांगावं, की मास्तरांकडे जरूर जा, पण शिवायला टाकण्याऐवजी त्यांच्याकडची कातरण मागा. कपडे बेतताना दहा-पंधरा टक्के कापड कातरणात जातं असा या धंद्यातला ढोबळ अंदाज आहे. ब्लाउजच्या बाहीखालचे त्रिकोण, अस्तराच्या पट्ट्या, शर्टाच्या खिशाएवढे तुकडे हे सगळं पोत्यात भरून जातं. न शिवणाऱ्याला नेमके असेच तुकडे लागतात. मुंबईत मंगलदास मार्केटात किंवा पुण्यात लक्ष्मी रोडवर नवं कापड घेऊन त्याच्या पट्ट्या फाडणं मला उधळपट्टी वाटते. एखाद्या रंगाची अडचणच आली तर कटपीस घ्यावा. पूर्वी बोहारीण जुन्या साड्यांवर पातेलं देऊन जायची आणि घासाघीस तासभर चालायची; आता ती फार घरांपर्यंत पोचत नाही, आणि जुनं कापड कपाटाच्या वरच्या कप्प्यात साचत राहतं. साहित्य बाजारात शोधायला जायची गरजच नाही.

याहून गंभीर आक्षेप खोलीचाच आहे. ‘मुलाची खोली’ ही किती घरांत असते? २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. चाळीत, झोपडपट्टीत, वन-रूम-किचनमध्ये मुलाचं म्हणून जे असतं ते पलंगाखालचं खोकं किंवा खिडकीचा एक कठडा. मासिकांतल्या गुळगुळीत फोटोंकडे पाहून हा सगळा विषय सुखवस्तूंचा चोचला वाटला तर त्यात नवल नाही. पण नीट पाहिलं तर न शिवलेल्या, सुटणाऱ्या कापडाची गरज जागा नसलेल्यांनाच जास्त. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी आणि तिच्यावर टाकलेली साडी, की संध्याकाळपुरतं मुलाचं घर उभं. त्याच्या आतल्या बाजूला चिमट्यांनी लावलेली दोन चित्रं ही त्याची भिंत. रात्री अंथरुणं पडायच्या आत सगळं गुंडाळलं जातं आणि साडी पुन्हा घडीत जाते. भाड्याच्या घरात घरमालक खिळा ठोकू देत नाही, तिथेही तीच गोष्ट. पडद्याचा दांडा, खिडकीचे गज, मच्छरदाणीच्या चार काठ्या हेच आधार. परदेशी मासिकं ज्याला पलंगावरची छत्री म्हणून कौतुकाने छापतात ती आपल्याकडे मच्छरदाणीच्या रूपाने घरोघर आहे. तिच्या वरच्या कडेला दोन पट्ट्या बांधल्या की झालं.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे परतवता येत नाही, आणि परतवूही नये. सुटणं हा ज्या सजावटीचा गुण, तोच रांगत्या बाळाच्या बाबतीत दोष. बाळ ओढणार, गाठ सुटणार, दोरी गळ्यात किंवा चिंधी तोंडात जाणार. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात दीड वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवरची मोकळी दोरी साधारण २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी असा दंडक आहे, आणि तीन वर्षांखालच्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारा कुठलाही सुटा भाग चालत नाही. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून पाळण्याच्या कठड्याला बांधायच्या कापडी गाद्यांच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण बाळं त्यांत गुदमरत होती. तेव्हा तीन वर्षांखालच्या बाळाच्या खोलीत लेखभर कौतुक केलेली ही सजावट हाताच्या टप्प्याबाहेर, दोन्ही टोकं घट्ट बांधून, भिंतीलगत ठेवायची. पाळण्यात आणि पाळण्यावर काही नाही, चिमणाळंसुद्धा बाळ उठून बसू लागलं की उतरवायचं. आपल्याकडे आणखी एक धोका असतो ज्याचा परदेशी सूचनांत उल्लेख नसतो, छताचा पंखा. खोलीच्या मध्यभागी आडवं बांधलेलं तोरण एक दिवस पात्यांत जाणारच. आणि दिवाळीत पणती खिडकीत लागते त्याच खिडकीला कापड असू नये. सुती कापड पेट घेतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

धुळीचं मात्र सोपं आहे. जे सुटतं ते धुता येतं. धुळीतले बारीक किडे, ज्यांनी अनेक मुलांचा दमा चाळवतो, ते ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात मरतात. सुती पट्ट्या हे पाणी सोसतात, गोंदाने जोडलेली वस्तू सोसत नाही. कोकणात आणि मुंबईत जूननंतर ओल इतकी असते की भिंतीलगतचं कापड आठवड्यात कुबट होतं, तेव्हा मृगाच्या आधी सगळं उतरवून, धुऊन, उन्हं दाखवून ठेवलेलं बरं. खळीने कापडाची चित्रं थेट भिंतीवर लावायची एक पद्धत आहे. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा पाण्यात शिजवून केलेली पातळ खळ. लावताना भिंत खराब होत नाही आणि ओल्या फडक्याने पुसलं की कापड सोलून निघतं. म्हणजे हा एक गोंद असा आहे की जो माझ्या कसोटीला उतरतो. पण तो हिवाळा-उन्हाळ्यापुरता. पावसात खळीला बुरशी येते, झुरळं आणि कसर तिच्यावर येतात. पुस्तकबांधणी करणारे यासाठी खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खोलीत ते विष अजिबात नको.

ज्यांच्याकडे आधीच चिकटवलेल्या वस्तू जमल्या आहेत त्यांना थोडं सोडवता येतं. पेस्टिंगवर सुती कापड ठेवून गरम इस्त्री फिरवली आणि ऊब असतानाच टोक धरून ओढलं तर थर बऱ्याचदा निघतो. ग्लू गनचा गोंद केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने मऊ पडतो, आणि औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कडेने सोडलं की त्याची पकड सुटते. हे काम खिडकी उघडून, दिव्यापासून दूर आणि मुलांनी नव्हे तर मोठ्यांनी करायचं. रिंगेला चिकटवलेलं कापड गेलं तरी रिंग वाचते, तिची कड घासून घ्यावी. सुती तुकड्यावर राहिलेले गोंदाचे डाग जात नाहीत, तो तुकडा पायपुसण्याच्या आत भरायला चालतो. पॉलिएस्टर फेल्टचे हत्ती-घोडे जवळच्या बालवाडीत कुणाला हवे आहेत का ते विचारावं, आणि पुढच्या खेपेला ते ताव विकत घेऊ नयेत.